पाव सुताचा धडा

घरात अलीकडे केलेले मॉड्युलर किचन किंवा कारखान्यात तयार झालेले कपाट असेल, तर आज रविवारच्या सवडीने एक उद्योग करून पाहा. कपाटाचे दार उघडा. आतल्या उभ्या बाजूवर एकाखाली एक अशी बारीक भोकांची रांग दिसेल. मुलांच्या कंपासपेटीतली पट्टी घ्या आणि दोन भोकांच्या मध्यांमधले अंतर मोजा. ते बहुधा ३२ मिलिमीटर भरेल. ही रांग पुढच्या कडेपासून ३७ मिलिमीटर आत असेल आणि भोक ५ मिलिमीटरचे असेल. दाराच्या मागे बिजागरी ज्या वाटीसारख्या खळग्यात बसवली आहे, त्याचा व्यास ३५ मिलिमीटर असेल. शेजाऱ्यांच्या कपाटात मोजलेत, तरी बहुधा हेच आकडे येतील. जर्मनीतल्या एखाद्या घरात मोजलेत, तरीही हेच.

हे आकडे तुमच्या सुताराने ठरवलेले नाहीत. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीत पडलेली घरे पुन्हा उभी करायची होती आणि त्यांत ठेवायला कपाटेही हवी होती. त्या काळात कारखान्यात फळ्यांचे फर्निचर करण्याची जी पद्धत रुळत गेली, तिच्यातून हे आकडे आले. ३२च का, तर एका वेळी अनेक भोके पाडणाऱ्या यंत्रातली दातेरी चाके त्याहून जवळ बसवणे कठीण होते, असे या धंद्यात सांगतात. म्हणजे यंत्राची एक अडचण जगभरच्या स्वयंपाकघरांचे माप होऊन बसली.

मी याच धंद्यात आहे. भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत आमची एक पत्र्याची शेड आहे. तिच्यात एक सीएनसी राउटर, एक कडा चिकटवण्याचे यंत्र, एक संगणक आणि आम्ही सात माणसे. वसतिगृहांना आणि शाळांना लागणारी कपाटे, टेबले, पलंग आम्ही पन्नास-शंभरांच्या संख्येने करतो. सीएनसी म्हणजे संगणकाने पुरवलेल्या आकड्यांवर चालणारे यंत्र. या यंत्राने मला काय दिले ते सांगायचे आहेच. पण त्याने एकदा माझी कशी फजिती केली आणि त्या फजितीतून आमच्या एका जुन्या माणसाची किंमत मला कशी कळली, ते अधिक सांगायचे आहे.

कानावरची पेन्सिल

माझे वडील सुतार. त्यांच्याबरोबर तीसेक वर्षे काम केलेले एक मिस्त्री होते. आम्ही मुले त्यांना काका म्हणत आलो. या दोघांच्या तोंडी मिलिमीटर कधी आला नाही. इंचाचे आठ भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे एक सूत. ‘तीन फूट, दोन इंच, पाच सूत’ असे माप काका मोठ्याने उच्चारत, पेन्सिल कानावर ठेवत आणि करवत उचलत. पाव सूत म्हणजे मिलिमीटरहूनही कमी. एवढा फरक ते डोळ्यांनी नव्हे, अंगठ्याने ओळखत.

सुतार घरात येणे म्हणजे काय, हे चाळिशीच्या पुढच्या वाचकांना सांगायला नको. दोन महिने बैठकीच्या खोलीत भुसा, फेविकॉलचा वास, दिवसातून तीन वेळा चहा, आणि ‘गणपतीपर्यंत नक्की देतो’ हे आश्वासन. गणपती जाऊन दिवाळी यायची. गृहिणी वैतागायच्या. पण त्या गोंधळात एक गोष्ट होत असे. ओटा करायचा असला, तर काका घरातल्या बाईंना समोर उभे करत, कोपर वाकवायला सांगत आणि कोपराखाली साधारण वीतभर जागा सोडून भिंतीवर रेघ ओढत. ‘पोळ्या कोण लाटणार?’ हा त्यांचा पहिला प्रश्न असे.

एकसारख्या अनेक वस्तू करणे त्यांनाही नवे नव्हते. एकाच मापाच्या दहा खिडक्या असल्या, की वडील आधी प्लायचा एक फर्मा करत आणि त्यावरून बाकीच्या आखत. फर्मा करायला अर्धा दिवस गेला, तरी पुढचे सगळे दिवस वाचत. आज मी संगणकावर जे करतो, ते मुळात फर्मा करणेच आहे. फरक एवढाच की माझा फर्मा लवचीक आहे.

आचाऱ्याचे प्रमाण

डिझाइनचे सॉफ्टवेअर म्हणजे संगणकावर काढलेले सुंदर चित्र, अशी सर्वसाधारण समजूत असते. चित्र हा त्यातला कमी महत्त्वाचा भाग आहे. खरी गंमत पाककृतीसारखी आहे. घरची सुगरण चार माणसांची खीर अंदाजाने करते. लग्नातला आचारी पाने किती ते विचारतो आणि त्यावरून दूध, साखर, वेलची यांचा हिशेब मांडतो. आमचे सॉफ्टवेअर हा आचारी आहे. कपाटाची उंची, रुंदी, खोली आणि फळीची जाडी एवढे चार आकडे त्याला द्यायचे. बाकीची मापे या चार आकड्यांशी नियमांनी बांधलेली असतात. आतला कप्पा म्हणजे एकूण रुंदीतून दोन बाजूंची जाडी वजा, अधिक खाचेत शिरणारा भाग. दोन दारे असतील, तर मध्ये ३ मिलिमीटरची फट. रुंदी ६०० ची ६५० केली, की दारे, कप्पे, पाठीची फळी, बिजागरीची भोके सगळी आपोआप नव्या मापांवर सरकतात. यादीत चौसष्ट ओळी लिहिल्या, तर चौसष्ट कपाटांचे भाग तयार.

पुढचे काम शंकरपाळ्यांचे. प्लायची शीट आठ बाय चार फुटांची, म्हणजे २४४० गुणिले १२२० मिलिमीटर. तिच्यावर शेकडो भाग असे मांडायचे, की कडेचे तुकडे कमीत कमी वाया जावेत. याला नेस्टिंग म्हणतात. हा खेळ वाटतो तेवढा सोपा नाही. लाकडाच्या रेषा उभ्या हव्या असतील, तर भाग आडवा फिरवून चालत नाही. पट्ट्यापट्ट्यांच्या शर्टाचा खिसा शिंप्याने आडवा लावला, तर कसे दिसेल? शिवाय कटर स्वतःची रुंदी खातो, ती धरावी लागते. माणूस या मांडणीला दुपार घालवतो, संगणकाला काही क्षण पुरतात.

मग हे सगळे यंत्राच्या भाषेत उतरते. ही भाषा अगदी रुक्ष आहे. ‘जी००’ म्हणजे न कापता भरकन इकडून तिकडे जा. ‘जी०१’ म्हणजे दिलेल्या वेगाने सरळ रेषेत कापत जा. अशा हजारो ओळी. यंत्राच्या टेबलाखालचा पंप हवा ओढून शीट घट्ट धरून ठेवतो, कटर मिनिटाला अठरा हजार फेरे घेत उतरतो आणि दहा-बारा मिनिटांत शीटचे भाग होऊन जातात. प्रत्येक भागावर चिठ्ठी चिकटते : कपाट क्रमांक अमुक, डावी बाजू, कोणती कडा झाकायची. कोणता भाग कुठला, हे आता कोणाला लक्षात ठेवावे लागत नाही.

खुर्ची आणि हेलिकॉप्टर

या साऱ्याचा वंशवृक्ष मोठा गमतीचा आहे. त्यात एक खुर्ची आहे आणि एक हेलिकॉप्टरही आहे.

खुर्ची व्हिएन्नातल्या मिखाएल टोनेट यांची. वाफेवर वाकवलेल्या बीचच्या लाकडाची ही ‘क्रमांक १४’ची खुर्ची १८५९ साली आली. सहा लाकडी भाग, दहा स्क्रू आणि दोन नट एवढेच तिचे सामान. सुट्या केलेल्या ३६ खुर्च्या एका घनमीटरच्या खोक्यात मावत आणि जहाजाने कुठेही जात. पोहोचल्यावर जोडायच्या. आपल्याकडच्या जुन्या इराणी हॉटेलांतल्या वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या याच घराण्यातल्या. टोनेट यांचा मंत्र एकच होता. सगळ्या खुर्च्यांचे भाग इतके एकसारखे हवेत, की कुठलाही भाग कुठल्याही खुर्चीला बसावा.

हेलिकॉप्टरचा संबंध अमेरिकेतला. मिशिगन राज्यातले जॉन पार्सन्स हेलिकॉप्टरची पाती बनवत. पात्याचा वक्र आकार हाताने अचूक उतरत नसे. तेव्हा त्यांनी त्या वक्रावरच्या असंख्य बिंदूंची मापे पंचकार्डाच्या यंत्रावर काढून घेतली आणि त्या आकड्यांवरच यंत्र चालवता येईल का, असा विचार मांडला. अमेरिकी हवाई दलाने पैसा दिला, एमआयटी या संस्थेच्या प्रयोगशाळेने काम हाती घेतले आणि १९५२ साली भोके पाडलेल्या पट्टीवरून आकडे वाचत धातू कापणारे यंत्र तिथे चालवून दाखवण्यात आले. विमानासाठी जन्मलेली ही कल्पना पुढे सुताराच्या शेडपर्यंत उतरली.

टोनेट यांचा कारखाना आणि आमची शेड यांत मात्र एक मोठा फरक आहे. त्यांना स्वस्ताईसाठी एकसारखेपणा लागत होता. लवचीक फर्मा आणि आकड्यांवर चालणारे यंत्र जोडीला असले, की चौसष्ट कपाटे एकसारखी कापा किंवा प्रत्येक दोन बोटांनी वेगळे कापा, यंत्राला कष्ट सारखेच. ही गोष्ट फार मोलाची आहे. पण ती माझ्या ध्यानात यायला मला आधी ठेच लागावी लागली.

पाचशे बारा खाचा

यंत्र आम्ही २०१५ साली कर्ज काढून घेतले. मी यंत्र अभियांत्रिकीची पदविका घेऊन काही वर्षे वाहनांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात काढली होती, त्यामुळे सॉफ्टवेअरचे काम माझ्याकडे आले. काका तोवर साठीला आले होते. त्यांना मी जोडणीवर घेतले. मजुरी नगावर, म्हणजे जेवढी कपाटे जोडतील तेवढ्याची.

२०१७ साली मुलींच्या एका वसतिगृहाची चौसष्ट कपाटांची मागणी आली. प्रत्येक कपाटाच्या दोन्ही बाजूंना चार-चार खाचा, त्यांत कप्पे बसणार. प्लाय अठरा मिलिमीटरचा. कप्पा सुखाने सरकावा म्हणून मी खाच १८.२ धरली. ट्रक आला त्या सकाळी काका शीट उतरवून घेत होते. एका शीटच्या कडेवरून त्यांनी अंगठा फिरवला आणि मला म्हणाले, ‘‘माल बारीक आलाय रे.’’ मी पडद्यावर नेस्टिंग पाहत होतो. म्हटले, ‘‘काका, अठराचा आहे, शिक्का बघा ना.’’ ते काही बोलले नाहीत.

तीन दिवसांत शंभरावर शीट कापून झाल्या. एकही भाग चुकला नाही, एकही चिठ्ठी हरवली नाही. मी खूश होतो. चौथ्या दिवशी पहिले कपाट जोडायला घेतले आणि कप्पा खाचेत खुळखुळ्यासारखा हलू लागला. व्हर्निअर लावला. प्लाय १७.१ भरला. शिक्का अठराचा, माल सतराचा. असा प्लाय बाजारात नेहमीच येतो, हे कुठल्याही सुताराला ठाऊक असते. काकांना ठाऊक होते. माझ्या फर्म्याला ठाऊक नव्हते, कारण मी त्याला ते सांगितले नव्हते.

हाताने काम चालले असते, तर काय झाले असते? पहिल्याच कपाटाला चूक हाताला लागली असती आणि दुसऱ्यापासून ती सुधारली असती. माणूस चुकतो, पण चुकताचुकता शिकतो. यंत्र माझी एक चूक पाचशे बारा वेळा, अतिशय अचूकपणे करत गेले. चौसष्ट कपाटे, दोन बाजू, चार खाचा. हिशेब करून पाहा.

वाट काकांनीच काढली. शेडच्या कोपऱ्यात सनमायकाचे उरलेले तुकडे पडले होते. त्याची जाडी एक मिलिमीटर, आणि आमची फट होती १.१. काकांनी सनमायकाच्या बारीक पट्ट्या कापल्या आणि खाचेच्या वरच्या अंगाला, जिथे नजर जात नाही, तिथे चिकटवल्या. कप्पा हाताने ठोकून आत गेला आणि गच्च बसला. पाचशे बारा पट्ट्यांना आम्हाला नऊ रात्री लागल्या. कपाटे वेळेवर गेली. त्या नऊ रात्री काका मला एकदाही ‘मी सांगितलं होतं’ असे म्हणाले नाहीत. म्हणाले असते, तर बरे वाटले असते.

‘उद्या मला काय विचारणार?’

त्यानंतर मी वही घेऊन काकांच्या मागे लागलो. ते जे जे सहज करत, त्याचा नियम करून सॉफ्टवेअरमध्ये घालायचा, असे ठरवले. पहिला नियम अर्थातच जाडीचा. कुठलीही तुकडी कापण्यापूर्वी पाच शीट चार-चार ठिकाणी मोजायच्या आणि खरा आकडा भरायचा. तो भरल्याशिवाय यादी पुढे सरकतच नाही. दुसरा नियम, आधी एकच नग कापून जोडून पाहायचा.

मग बाकीचे येत गेले. पुस्तकांची फळी अडीच फुटांवर गेली की मध्ये आधार. माझ्या अभ्यासक्रमात याचे गणित होते. तेवढ्याच जाडीच्या फळीवर तशीच पुस्तके ओळीने लावून तिची लांबी दुप्पट केली, तर ती दुप्पट नव्हे, सोळा पट वाकते. काकांना सूत्र माहीत नव्हते, त्यांनी वाकलेल्या फळ्या पाहिल्या होत्या. सागवान पावसाळ्यात रुंदीत फुगते, लांबीत जवळजवळ नाही, म्हणून भरीव लाकडाची तक्तपोशी चौकटीत मोकळी बसवायची, चिकटवायची नाही. आपल्याकडे लादी रोज ओल्या फडक्याने पुसतात, म्हणून कपाटाचे बूड जमिनीला टेकवायचे नाही. आणि ओट्याचे माप. सॉफ्टवेअरबरोबर जी तयार कपाटे मिळतात, त्यांतला ओटा युरोपी घरांच्या हिशेबाने नव्वद सेंटिमीटरच्या आसपास असतो. पाच फुटांच्या बाईने त्यावर कणीक मळायची, तर खांदे भरून येणार. आम्ही यादीत नवा रकाना घातला : कोपराची उंची. आता प्रत्येक घराचा ओटा वेगळा निघतो आणि त्यासाठी यंत्राला एक मिनिटही जास्त लागत नाही. काका ज्यासाठी भिंतीवर रेघ ओढत, ते या धंद्यात ‘कारखान्याच्या मालाला जमणार नाही’ म्हणून सोडून दिले गेले होते. ते जमते. फक्त कोणीतरी विचारावे लागते.

असेच एकदा मी लिहून घेत असताना काका थांबले. म्हणाले, ‘‘हे सगळं तू त्या डब्यात घालतोयस. उद्या मला काय विचारणार?’’

माझ्याकडे उत्तर नव्हते. आणि तो प्रश्न नुसता भावनेचा नव्हता, पोटाचा होता. यंत्र आल्यापासून जोडणी सोपी झाली होती, म्हणून मी नगामागची मजुरी उतरवली होती. पूर्वी त्या वसतिगृहाचे काम आठ सुतारांनी तिथेच बसून दोन-अडीच महिने केले असते, आम्ही ते पाच जणांनी महिन्याच्या आत केले. बाकीचे सुतार गेले कुठे? आमच्याकडचे दोघे साइटवर कपाटे बसवण्याचे काम करतात, एक गावी परतला. यंत्राने नवी कामे आणली हे खरे. पण ती त्याच माणसांच्या वाट्याला आली, असे मी म्हणणार नाही. आणि इथे मी काकांचे चाळीस वर्षांचे शहाणपण नगावरच्या मजुरीत फुकट उतरवून घेत होतो.

गावगाड्यात सुतार हा बारा बलुतेदारांपैकी एक होता. त्या व्यवस्थेचे गोडवे गावेत असे नाही, माणसाला जातीच्या खुंटीला बांधून ठेवणारी ती होती. पण तिच्यात एक समज होती. सुताराला बलुते मिळे ते एका नांगराचे किंवा एका तिफणीचे नव्हे. वर्षभर औत चालते ठेवण्याची जबाबदारी त्याची, म्हणून खळ्यावरचा वाटा त्याचा. आम्ही नगाचा हिशेब शिकलो आणि जबाबदारीचा विसरलो. त्या वर्षीच्या दसऱ्यापासून काकांची मजुरी बंद करून त्यांना महिन्याचा पगार सुरू केला. कापणी सुरू करण्याची परवानगी त्यांच्या सहीने. ही उदारता नव्हती. नऊ रात्रींचा हिशेब केला, तर पगार स्वस्त होता.

‘का?’चा रकाना

आता काकांनी सत्तरी ओलांडली आहे. आठवड्यातून दोन दिवस येतात. त्यांचे नियम यंत्र रोज पाळते. तरीही एक चिंता मला सोडत नाही. काकांच्या अंगठ्याला पाव सूत कळते, कारण तो अंगठा चाळीस वर्षे रंधलेल्या कडांवरून फिरला आहे. आमच्याकडे आयटीआय करून येणारी मुले हुशार आहेत, पडद्यावर माझ्याहून वेगाने काम करतात. पण त्यांच्या हातात येणारी प्रत्येक फळी आधीच अचूक कापलेली असते. चूक हाताला लागण्याची संधीच त्यांना मिळत नाही. मग उद्या जो नियम अजून कोणी लिहिलेलाच नाही, तो कोणाला सुचणार?

यावर आम्ही दोन लहान उपाय केले आहेत. नव्या मुलाने पहिले दोन महिने यंत्राला हात लावायचा नाही. रंधा, पटाशी आणि गुण्या घेऊन एक स्टूल करायचे आणि ते स्वतःच्या घरी न्यायचे. दुसरा उपाय म्हणजे नियमांच्या यादीत प्रत्येक ओळीपुढे एक रकाना वाढवला आहे : ‘का?’. नियम नुसता पाळायचा नाही, कारण वाचायचे. अडीच फुटांपुढे लिहिले आहे, ‘फळी वाकते’. बुडापुढे, ‘लादी पुसतात’. जाडीच्या नियमापुढे काकांनी सांगितले तसेच लिहिले आहे, ‘शिक्क्यावर विसंबू नये’.

गेल्या महिन्यात नव्या मुलाने विचारले, ‘‘दारांमधली फट ३ मिलिमीटरच का? पुढे कारण लिहिलेलं नाही.’’ मी यादी पाहिली. खरेच, रकाना रिकामा होता. इतकी वर्षे तो आकडा मी डोळे मिटून वापरत होतो. काका त्या दिवशी आलेले होते. मुलाने जाऊन त्यांनाच विचारले. काकांनी कानावरची पेन्सिल काढली, शेजारचे एक रिकामे दार ओढले आणि म्हणाले, ‘‘बस इथं. दाखवतो.’’